हिपहॉप बीट बनवायच्यात पण सुरुवात कुठून करू? सांगली-मिरजेकडची पोरं सारखी विचारतात ते सगळे प्रश्न एकाच ठिकाणी

सांगली, मिरज, कुपवाड, तासगाव, विटा, जत ह्या पट्ट्यातल्या पोरापोरींसाठी हे लिहिलंय. पुण्या-मुंबईच्या लोकांना पण चालेल, फक्त उदाहरणं इकडची आहेत. प्रश्न जसे येतात तसेच ठेवलेत, क्रम लावत बसलेलो नाही, त्यामुळं पाहिजे तो प्रश्न शोधून वाचलास तरी चालतंय.

प्रोड्युसर म्हणजे बीट बनवणाराच ना?

अर्धं बरोबर. बीट म्हणजे रॅपच्या मागं वाजणारं संगीत, ते बनवणं हा कामाचा पहिला भाग. त्याच्यापुढं रॅपरबरोबर बसायचं, त्याचा आवाज कुठल्या पट्टीत बसतोय ते बघायचं, हुक, म्हणजे गाण्यात परत परत येणारा भाग, आधी यायला पाहिजे का नंतर ते ठरवायचं, सोळा ओळीतल्या चार फालतू असतील तर तोंडावर सांगायचं, टेक परत घ्यायला लावायचा, मिक्स करायचं, म्हणजे सगळे आवाज एकमेकांशी जुळवायचे, फाईल पाठवायची, कुणाचं नाव कुठं जाणार आणि पैसे आले तर कसे वाटायचे हे लिहून ठेवायचं. हे सगळं करून गाणं बाहेर काढतो तो प्रोड्युसर. आपल्याकडं टॅलेंट कमी नाही पण बहुतेक गाणी बीट आणि रिलीजच्या मधेच कुठंतरी मरतात, कुणाच्या तरी मोबाईलमध्ये "फायनल २ नवीन" अशा नावानं पडून राहतात. म्हणून खाली जे काय सांगितलंय ते सगळं गाणं पुरं कसं होईल ह्या हिशोबानंच सांगितलंय.

हे सगळं आलं कुठून? इतिहास माहीत पाहिजे का?

थोडा पाहिजे, कारण त्यातनं कळतं की बीट अशी का असते. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये एका बिल्डिंगच्या हॉलमधल्या पार्टीला डीजे कूल हर्क गाणी लावत होता. त्यानं बघितलेलं की गाण्यात मधे जिथं नुसता ड्रम वाजतो तिथं लोक जास्त नाचतात, मग तोच तुकडा दोन टर्नटेबलवर एकसारख्या दोन रेकॉर्ड ठेवून आलटून पालटून लांबवायचा. लूप म्हणजे हेच. पुढं १९८७ ला ई-म्यू एसपी-१२०० आणि १९८८ ला रॉजर लिननं डिझाईन केलेली अकाईची एमपीसी ६० आली, ही दोन्ही सॅम्पल, म्हणजे रेकॉर्डिंगचा कापलेला तुकडा, पॅडवर वाजवायची मशीन. एसपी-१२०० मध्ये सगळं मिळून दहा सेकंदाच्या आसपासच सॅम्पल मावायचं आणि तेवढ्यात लोकांनी अख्खे अल्बम केले. तुझ्या मोबाईलमध्ये त्याच्या हजारो पट जागा आहे, त्यामुळं "सामान नाही" हे कारण माझ्याकडं आणू नकोस.

आणि तालावर बोलणं आपल्या जिल्ह्याला काय नवीन नाही. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी डफ-तुणतुण्यावर अख्खी सभा हलवलेली आहे. रॅप परदेशी म्हणून नाक मुरडणारा घरात कुणी असेल तर त्यांना एवढं सांगायचं.

मोबाईलवर बीट होते का?

होते. बँडलॅब फुकट आहे, अँड्रॉइडवर पण चालतं आणि ब्राउझरमध्ये पण उघडतं. आयफोन असेल तर गॅरेजबँड फुकट मिळतं. कोआला सॅम्पलर हे छोटं ॲप आहे, कुठलाही आवाज रेकॉर्ड कर, कापून पॅडवर टाक आणि वाजव, शिकायला ह्याच्यासारखं दुसरं नाही. एफएल स्टुडिओ मोबाईल विकत घ्यावं लागतं. फक्त एक, ब्लूटूथचे बड्स वापरू नकोस, बोट लावल्यावर आवाज उशिरा येतो आणि तुला वाटत राहतं की आपला ताल कच्चा आहे. वायरचा इयरफोन घे.

लॅपटॉप कसला घेऊ?

८ जीबी रॅममध्ये सुरुवात होते, १६ असेल तर निवांत. एसएसडी पाहिजेच. ग्राफिक्स कार्डवर पैसे घालू नकोस, ते गेमवाल्यांचं काम. ऑफिसमधनं निघालेले सेकंडहँड लॅपटॉप चालतात, फक्त घेताना बॅटरी आणि यूएसबीचे सगळे पोर्ट तिथंच चालवून बघ.

एफएल, एबलटन, रीपर... कुठलं सॉफ्टवेअर?

जे तुझ्या जवळच्या मित्राला येतं ते. खरंच सांगतो. रात्री अकराला अडकलास तर फोन करून विचारता आलं पाहिजे, यूट्यूबवरचा माणूस तुझा फोन उचलणार नाही. आपल्याकडं जास्त लोक एफएल वापरतात, आधी त्याचं नाव फ्रूटीलूप्स होतं, त्यात ड्रम लावणं लय सोपं आहे आणि एकदा विकत घेतलं की पुढचे अपडेट कायमचे फुकट मिळतात. त्याचं ट्रायल व्हर्जन मुदत न संपणारं आहे, सगळं वापरता येतं, एक्सपोर्ट पण होतं, फक्त सेव्ह केलेला प्रोजेक्ट परत उघडत नाही. मला तर वाटतं शिकणाऱ्यासाठी ही चांगलीच सोय आहे, बसल्या बैठकीत बीट पुरी करायची सवय लागते. विकत घेताना मात्र त्या एडिशनमध्ये ऑडिओ रेकॉर्डिंग आहे का ते बघून घे. रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि साध्या माणसाला लायसन्स ६० डॉलरला आहे, व्होकल रेकॉर्डिंगला एक नंबर.

क्रॅक चालेल का?

सगळे वापरतात हे मला पण माहितीये. पण त्या फाईलींबरोबर व्हायरस येतात, प्रोजेक्ट मधेच क्रॅश होतात, आणि आपली बीट कुणी चोरली की रडायचं आणि दुसऱ्याचं सॉफ्टवेअर आपण चोरायचं हे मला पटत नाही. फुकटात चांगलं एवढं मिळतंय की गरजच नाही. व्हायटल नावाचा सिंथ, म्हणजे सूर तयार करणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, वाद्यांचे आवाज देणारं स्पिटफायरचं लॅब्स फुकट आहे, त्यावर वर्ष आरामात जातं.

पहिल्यांदा काय विकत घेऊ?

हेडफोन. वायरचा, कान पूर्ण झाकणारा, बास फुगवून न दाखवणारा, ऑडिओ टेक्निकाचा एम२०एक्स किंवा त्या वर्गातला कुठलाही. त्यानंतर व्होकल, म्हणजे गळ्याचा आवाज, घेणार असशील तरच ऑडिओ इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारा डबा) आणि माईक. मिडी कीबोर्ड, म्हणजे लॅपटॉपला जोडून सूर वाजवायच्या पट्ट्या, त्याच्यानंतर, आणि २५ पट्ट्यांचा पुरतो. मोठे मॉनिटर स्पीकर सगळ्यात शेवटी, कारण दहा बाय दहाच्या खोलीत भिंतींमुळं बास कुठं दुप्पट तर कुठं गायब ऐकू येतो आणि मग स्पीकर कितीचा का असेना, मिक्स चुकतो.

म्युझिक थिअरी यायला पाहिजे का? मला सुरातलं काही कळत नाही.

गल्लीत भजनी मंडळ आहे का? तिथं पेटी वाजवणारे कुणी काका असतील, त्यांच्याजवळ चार संध्याकाळ बसलास तर यूट्यूबच्या वीस व्हिडिओएवढं कळेल. पेटीची आणि मिडी कीबोर्डची पट्टी एकच. पांढरी १ म्हणजे सी, पांढरी ४ म्हणजे एफ, काळी १ म्हणजे सी शार्प, काळी ५ म्हणजे ए शार्प. पांढरी ६ ला सा धरून नुसत्या पांढऱ्याच पट्ट्या वाजवल्या की इंग्रजीत ज्याला ए मायनर म्हणतात ते झालं, आपल्याकडं तो आसावरी थाट. हिपहॉपच्या निम्म्या बीट्स ह्यातच असतात. आणि ट्रॅप-ड्रिल ह्या हिपहॉपच्या प्रकारांत जो काळोखा, भीतीदायक सूर येतो तो बऱ्याच वेळा फ्रिजियन स्केलचा असतो, म्हणजे आपला भैरवी थाट, रे ग ध नी चारही कोमल. काका भैरवी म्हणत असताना कान उघडे ठेवलेस तर ड्रिलची मेलडी तिथंच बसलेली सापडेल. सुरुवातीला तीन-चार सुरांची मेलडी पुरते, रॅपमध्ये मेलडी जास्त बोलायला लागली की रॅपरनं बोलायचं कुठं.

ड्रम कसा लावायचा? माझा ड्रम मशीनसारखा कडक वाजतो.

इथं जरा थांबून वाच, हिपहॉपमध्ये निम्मं काम इथंच आहे.

एका बारचे, म्हणजे चार मात्रांच्या आवर्तनाचे, १६ खाने धर. किक म्हणजे खालचा जाड ठोका, स्नेअर म्हणजे टणक ठोका, हायहॅट म्हणजे झांजेसारखा बारीक आवाज. बूम बॅप, म्हणजे जुन्या धाटणीचा हिपहॉप, करायचं असेल तर टेम्पो मिनिटाला ८५ ते ९५ ठोके, स्नेअर ५ आणि १३ वर, किक १ वर आणि मग ८ किंवा ११ च्या आसपास एक-दोन, हायहॅट एक सोडून एक. ट्रॅप असेल तर टेम्पो १३० ते १५० पण चाल अर्ध्या स्पीडची, म्हणजे स्नेअर किंवा क्लॅप एकच आणि तो ९ व्या खान्यावर, आणि हायहॅटमध्ये मधेमधे रोल. ड्रिल १४० च्या आसपास असतं, त्यात स्नेअर अपेक्षा नसते तिथं पडतो आणि बास घसरत घसरत जातो.

आता कडकपणा. सगळे ठोके सारख्या जोरानं वाजत असतील तर ते यंत्रच वाटणार. हायहॅटचा एक जोरात एक हळू असा व्हेलोसिटीत फरक दे, स्नेअरच्या आधी एक अगदी हळू ठोका टाक. मग स्विंग, म्हणजे एक सोडून एक ठोका किती उशिरा पडतो ते. एमपीसीवर स्विंग ५० ते ७५ टक्के असतो, ५० म्हणजे एकदम सरळ आणि ६६ च्या आसपास गेला की ठोके तिय्यात (ट्रिपलेटमध्ये) पडायला लागतात, ५४ ते ६० च्या मधे मान आपोआप हलायला लागते. डेट्रॉइटचा प्रोड्युसर जे डिला तर बरेच ठोके ग्रिडला, म्हणजे खान्यांना, घट्ट चिकटवायचाच नाही, किक जरा पुढंमागं, हायहॅट सरळ, त्यामुळं ताल झुलत राहतो. त्याची एमपीसी आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये ठेवलीये. तू पण ठोके ग्रिडला चिकटवणारं क्वांटाईझचं बटन एक आठवडा विसरून जा आणि पॅडवर बोटानं वाजव.

८०८ म्हणजे नक्की काय? माझा ८०८ मोबाईलवर ऐकूच येत नाही.

रोलँड कंपनीचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन १९८० ला आलं, साधारण १२,००० बनवले आणि १९८३ ला बंद केलं. त्याचा आवाज खऱ्या ड्रमसारखा नाही म्हणून तेव्हा फार लोकांनी घेतलं नाही. मग सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळायला लागलं आणि पैसे नसलेल्या पोरांनी ते उचललं. त्याची किक लांबवली की घुमणारा बास तयार होतो, आज ८०८ म्हणतात तो हाच.

दोन गोष्टी नेहमी बिघडतात. पहिली, ८०८ सुरात लावलेला नसतो. तो ड्रम दिसला तरी सूर आहे, ट्यूनर लावून बघ कुठल्या पट्टीत आहे आणि गाण्याच्या सा शी जुळव. पांढरी ४, म्हणजे खालचा एफ, साधारण ४४ हर्ट्झला येतो, तो छान घुमतो. पांढरी १ चा खालचा सा ३३ हर्ट्झच्या आसपास जातो, तो छोट्या स्पीकरवर निघतच नाही आणि वरच्या सप्तकात नेला तर हलका वाटतो, म्हणून बरेच जण ई ते ए च्या मधली पट्टी धरतात. दुसरी, मोबाईलचा स्पीकर खालचा बास वाजवूच शकत नाही, तुझी चूक नाही. त्यावर उपाय सॅच्युरेशन किंवा डिस्टॉर्शन, त्यानं वरचे हार्मोनिक तयार होतात आणि मग कानाला बास आहे असं जाणवतं. किक आणि ८०८ एकाच वेळी पडत असतील तर किक पडताना ८०८ क्षणभर दाबायचा, साईडचेन म्हणतात ते.

हलगी, संबळ, धनगरी ढोल बीटमध्ये टाकायचाय. सॅम्पल पॅकमध्ये मिळत नाही.

मिळत नाही हीच तुझी कमाई आहे की! लंडनमधल्या पोराकडं जगातले सगळे ड्रम आहेत, जतच्या यात्रेतला ढोल त्याच्याकडं नाही.

मोबाईलवर पण रेकॉर्ड होतं पण नीट कर. वेव्ह फाईलमध्ये रेकॉर्ड करणारं आणि आवाजाची लेव्हल हातानं लावता येणारं ॲप घे, कारण साधा रेकॉर्डर हलगीच्या पहिल्या ठोक्याला घाबरून लेव्हल आपोआप खाली ओढतो आणि सगळं सपाट होतं. दोन-तीन मीटर लांब उभा राहा, सगळ्यात जोरातला ठोका उणे १२ डीबीच्या आसपास राहील असं बघ. पत्र्याच्या शेडमध्ये नको, मोकळ्या रानात किंवा सामानानं भरलेल्या खोलीत. हलगी जाळावर शेकून तापवतात हे बघितलं असशील, तापल्यावर चामडं ताणतं आणि आवाज टणक येतो, वाजवता वाजवता गार झाली की उतरतो. म्हणून शेकल्या शेकल्या एक रेकॉर्डिंग घे आणि उतरल्यावर दुसरं, एकाच वाद्याचे दोन आवाज मिळतात, दुसरा तर स्नेअरच्या खाली थर द्यायला लय कामाचा. सुटे ठोके हळू, मध्यम, जोरात असे चार-चार वेळा घे.

चाल घेताना वाजवणाऱ्या मामांच्या कानात क्लिक ट्रॅक घालायला जाऊ नकोस, ते वाजवतील त्या लयीत दोन-तीन मिनिटं वाजवू दे. लय वाढत जाणार, ती वाढायलाच पाहिजे. घरी आल्यावर त्यातले चांगले दोन बार काप, त्याचा टेम्पो काढ आणि बीट त्याच्याभोवती बांध, उलटं करू नकोस. बऱ्याच चाली तिय्यात पडतात, सरळ सोळा खान्यांवर घातल्या तर लंगड्या वाटतात, त्यामुळं ग्रिड ट्रिपलेटवर कर नाहीतर वर सांगितला तसा स्विंग ६६ च्या जवळ ने.

आणि हे महत्त्वाचं, वाजवणाऱ्या माणसाला पैसे दे. "मामा जरा वाजवा की" म्हणून फुकट रेकॉर्ड करून आणायचं आणि मग आपली फोक-ट्रॅप बीट म्हणून विकायची, हे बरोबर नाही. कशासाठी वापरणार ते सांग, पैसे आधी दे, गाण्याच्या क्रेडिटमध्ये त्यांचं पूर्ण नाव लिही, आणि गाणं आल्यावर त्यांना ऐकवायला जा.

मिरजेचं पण तसंच. सतार आणि तंबोरा बनवणारी घराणी आपल्या शेजारी आहेत, २०२४ ला दोन्हीला जीआय मानांकन मिळालं. रीतसर विचारलंस तर तंबोरा लावताना दोन मिनिटं रेकॉर्ड करू देणारं कुणीतरी भेटतं. नुसता तंबोरा, खाली ८०८, मधे कॉर्ड एक पण नाही, करून बघ.

जुन्या मराठी गाण्याचं सॅम्पल घेतलं तर चालतंय का? सात सेकंदापर्यंत चालतं म्हणे.

सात सेकंदाचा असला कुठलाही नियम नाही. कुणीतरी उठवलेली अफवा आहे. अमेरिकेत १९९१ ला रॅपर बिझ मार्कीच्या केसमध्ये कोर्टानं परवानगी न घेता सॅम्पल घेणं सरळ चोरीत काढलं आणि तिथनं सगळ्यांचीच पद्धत बदलली. आपल्याकडं १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. रेकॉर्डिंगवरचा हक्क ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे १९७५ ला आलेल्या तबकडीचा २०३५ संपेपर्यंत. शिवाय चाल आणि शब्द ह्यांचा हक्क वेगळा, तो लिहिणारा-बांधणारा गेल्यानंतर ६० वर्षं. म्हणजे दोन परवानग्या. पारंपरिक ओवी किंवा गोंधळातलं पद कुणाच्या मालकीचं नसतं, पण एखाद्या कंपनीनं काढलेलं त्याचं रेकॉर्डिंग त्या कंपनीचं असतं. तेच पद घरातल्या आजीकडनं म्हणून घेतलं तर रेकॉर्डिंग तुझं, आजीला विचारून.

शिकायला, घरात, मित्रात वाजवायला कितीपण सॅम्पल काप, त्यातनंच हात बसतो. आता एफएलमध्येच गाण्यातला आवाज आणि वाद्यं वेगळी काढायची सोय आहे, शिकायला मजा येते. रिलीज करायची वेळ आली की मात्र परवानगी घे किंवा तोच भाव धरून स्वतः नवीन वाजव.

रॉयल्टी फ्री लूप वापरले तर?

चालतंय. फक्त तो लूप अजून हजार लोकांकडं आहे हे लक्षात ठेव, आणि तसला लूप असलेलं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीला, म्हणजे गाणं ओळखून हक्क सांगणाऱ्या यंत्रणेला, लावू नकोस, तुझ्यामुळं दुसऱ्याला आणि दुसऱ्यामुळं तुला क्लेम येत बसतील. ड्रम लूपपेक्षा सुटे ड्रम घे.

घरात व्होकल रेकॉर्ड करायचे तर खोलीचं काय? फोम लावू?

फोमच्या अंड्याच्या ट्रेसारख्या पातळ शीटनं काही होत नाही. घरातल्या जाड वाकळा काढ, रॅपरच्या पाठीमागं आणि दोन्ही बाजूला दोरीवर टाक, माईकच्या मागं कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून ठेव. फॅन बंद. फ्रिज शेजारच्या खोलीत असेल तर तेवढा वेळ तो पण बंद, चालू करायचं विसरू नकोस नाहीतर आई स्टुडिओ बंद करेल. पत्र्याचं घर असेल तर पावसात रेकॉर्डिंगचा नादच सोड.

अशा खोलीत कंडेन्सरपेक्षा डायनॅमिक माईक बरा, कारण तो लांबचं कमी पकडतो, रस्त्यावरचा हॉर्न आणि कुत्री त्यात कमी येतात. तोंड आणि माईकमधे एक वीतभर अंतर. रेकॉर्डिंगमध्ये घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघ, गेला तर बहुतेक अर्थिंगचा किंवा चार्जरचा प्रॉब्लेम आहे, बॅटरीवर रेकॉर्ड कर. बफर (सॉफ्टवेअरमधली सेटिंग, जास्त ठेवली की आवाज उशिरा येतो) रेकॉर्डिंगला १२८ किंवा २५६ ठेव, २५६ ला पण बफरचा एका दिशेचा उशीर सहा मिलिसेकंदाच्या आसपासच असतो. मिक्स करताना ५१२ च्या वर ने.

मिक्स बाहेर ऐकला की चिखल वाटतो.

आधी आवाज कमी कर. सगळे फेडर खाली घे, किक आणि स्नेअर ठेव, मग व्होकल, मग बाकीचं, मास्टरवर, म्हणजे सगळं एकत्र येतं तिथं, उणे ६ डीबी जागा शिल्लक ठेव. व्होकलचा ८०-१०० हर्ट्झच्या खालचा भाग काप. मेलडीची वाद्यं मधल्या भागात गर्दी करत असतील तर तिथं थोडी खाली घे, शब्द तिथंच ऐकू येतात आणि रॅपमध्ये शब्द ऐकू आले नाहीत तर उरलं काय.

मग चार ठिकाणी ऐक, हेडफोन, मोबाईलचा स्पीकर, घरातला टीव्ही, आणि वडापच्या (शेअर प्रवासी) गाडीतला टेप. ड्रायव्हरला सांगून एकदा लाव, इंजिनाच्या आवाजात शब्द कळले तर मिक्स बसला. आणि एकदा मोनो, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून ऐक, बऱ्याच डीजेचे स्पीकर मोनोवरच चालतात, तिथं तुझी रुंद पसरलेली सिंथ गायब होऊ शकते. लाऊडनेसच्या मागं लागू नकोस, स्पॉटिफाय सगळ्यांना उणे १४ एलयूएफएसच्या (लाऊडनेसचं माप) आसपास आणूनच वाजवतं.

एआय दोन मिनिटात बीट देतंय, मग शिकून काय करू?

देऊ दे. समोर बसलेल्या रॅपरला "ही ओळ काढ, इथं श्वास घे, हुक परत लिहून आण" असं कोण सांगणार?

ह्यात पैसे मिळतात का? घरचे रोज विचारतात.

बीट विकून महिन्याला पगार निघेल असं पहिल्या दिवसापासून धरून चालू नकोस. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखाद्या गाण्याला बारा महिन्यात १,००० स्ट्रीम झाले नाहीत तर त्याचे पैसेच मिळत नाहीत. यूट्यूबच्या जाहिरातीचे पैसे यायला १,००० सबस्क्रायबर पाहिजेत, आणि त्याच्याबरोबर वर्षात ४,००० तास बघितलेलं किंवा ९० दिवसात शॉर्ट्सवर एक कोटी व्ह्यू.

इकडं खरे पैसे दुसरीकडंच आहेत. मंडळाचं गणपतीचं गाणं, बैलगाडा शर्यतीतल्या बैलाचं गाणं, दुकानाच्या उद्घाटनाची जाहिरात, कुणाच्या तरी वाढदिवसाचं "साहेब" गाणं, आणि इलेक्शन. ग्रामपंचायतीपासून विधानसभेपर्यंत सगळ्यांना गाणं पाहिजे असतं, आणि उद्या पाहिजे असतं. ह्या कामाला कमी समजू नकोस, एका रात्रीत गाणं पुरं करायची सवय ह्यातनंच लागते. फक्त इलेक्शनचं काम पूर्ण पैसे आधी घेतल्याशिवाय करू नकोस, पडलेला उमेदवार फोन उचलत नाही आणि निवडून आलेला तर अजिबातच उचलत नाही.

बीट विकताना काय लिहून घ्यायचं?

व्हॉट्सॲपवरच्या "हो भाऊ" वर बीट देऊ नकोस. लीज म्हणजे वापरायला देणं, बीट तुझीच राहते आणि तू दुसऱ्यालाही देऊ शकतोस. एक्सक्लुझिव्ह म्हणजे परत कुणाला नाही, त्याचे पैसे जास्त. हक्कच देऊन टाकायचे असतील तर ते लेखीच लागतं, सहीसकट, आणि आपल्या कायद्यात कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे दोन ओळी न लिहिल्यानं दोघांचाही घोळ होतो. संगीतकार आणि गीतकार म्हणून आयपीआरएसचं सभासद होता येतं, ही संस्था १९६९ पासून आहे, तुझं गाणं जिथं वाजतं तिथनं रॉयल्टी गोळा करायचं काम तिचं. रिलीज करताना डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गाणं ॲपवर पोचवणारी कंपनी, प्रत्येक गाण्याला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी नंबर देतो, तो वहीत लिहून ठेव.

रॅपर कुठं शोधू? सांगलीत कोण आहे?

कॉलेजच्या गॅदरिंगला, गणपतीच्या स्टेजवर, इन्स्टावर नुसतं तोंडानं म्हणणाऱ्यांत. १०० आरबीएच हा रॅपर अमरावतीचा आहे, मुंबई-पुण्याचा नाही, आणि स्वतःच्या बोलीत रॅप करूनच तो देशभर गेला. त्यामुळं जत किंवा आटपाडीकडच्या बोलीत लिहिणारा कुणी सापडला तर त्याला "शुद्ध बोल" असं सांगू नकोस, सोन्यासारखा माणूस आहे तो. आणि तिकडची पोरगी लिहिणारी असेल तर रेकॉर्डिंग दिवसा ठेव, घरच्यांना एकदा येऊन बसू दे, अर्धा प्रॉब्लेम तिथंच सुटतो.

बॅकअप लागतो का?

सांगलीत राहून हा प्रश्न? २०१९ चं पुराचं पाणी ज्यांनी बघितलंय ते जुलै लागला की सामान माडीवर चढवतात. हार्ड डिस्क पण त्यातच धर. एक कॉपी घरात, एक क्लाऊडवर, एक उंचावर राहणाऱ्या मित्राकडं. सगळे ट्रॅक वेगवेगळे २४ बिट वेव्हमध्ये काढून ठेव, दोन वर्षांनी प्लगइन (आवाज देणारं जोड-सॉफ्टवेअर) नसलं तरी गाणं उघडतं.

बीट रॅपरला कशी पाठवायची?

आधी एमपी३, मधेमधे तुझा टॅग, म्हणजे तुझ्या नावाचा छोटा आवाज, टाकून. फाईलच्या नावात तुझं नाव, टेम्पो आणि पट्टी लिही, म्हणजे त्याला पण कळतं आणि सहा महिन्यांनी तुला पण. रचना साधी ठेव, ४ बार सुरुवात, ८ चा हुक, १६ चा व्हर्स, म्हणजे रॅपचा मुख्य भाग. ९० च्या टेम्पोला १६ बार म्हणजे ४३ सेकंद होतात, नवीन रॅपरला तेवढंच लिहिता लिहिता घाम फुटतो, त्यामुळं चार मिनिटांची बीट पाठवू नकोस. गाणं ठरलं, पैसे आले, कागद झाला की मग टॅगशिवायची वेव्ह आणि सुटे ट्रॅक.

रॅपरनं बीट घेतली, "दोन दिवसात लिहून देतो" म्हणाला आणि गायब झाला. काय करू?

सगळ्यांचं होतं. बीट देतानाच तारीख ठरव आणि सांग की त्या दिवसापर्यंत हुक तरी पाठव, नुसता मोबाईलवर म्हणलेला चालेल. पाठवला तर त्याच आठवड्यात त्याला घरी बोलव, कारण हुक जमलेला माणूस गरम असतो तोपर्यंतच व्हर्स निघतो. नाही पाठवला तर एक फोन कर, भांडू नकोस, "ही बीट आता दुसऱ्याला देतोय, तुझं लिहून झालं की तुझ्यासाठी नवीन बनवू" एवढं सांग आणि खरंच दुसऱ्याला दे.